एका कंपाउंडरचा कुलपांचा नाद

संपादकांचं पत्र आलं, ‘तुमच्या नोकरीतले अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा’ म्हणून, तेव्हा मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गोळ्या मोजल्या अन् कुलपं बिघडवली, एवढंच लिहा. दोन ओळीत आटपते.”

सुमनचं हे असं असतं. पण खोटं काही नाही त्यात. एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्यातली पहिली सोळा-सतरा वर्षं केळझरच्या पलीकडच्या एका गावात गेली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात आणि हसतात. पुढे कंपाउंडरला फार्मासिस्ट म्हणू लागले. आमच्या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीतून घ्यायची, खलात पुड्या कुटायच्या, लाल किंवा पांढरं मिक्श्चर बाटलीत भरायचं, बाटलीवर कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि “एका टायमाले एक खाच” असं प्रत्येकाला तीनदा सांगायचं, हे काम होतं. तरी एखादा संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन यायचा. गोड लागलं म्हणून एका दमात प्यायलेला असायचा.

या कामाबद्दल गावात मला कुणी ओळखत नव्हतं. मला ओळखत ते कुलपांमुळे.

सुरुवात झाली पवनारला. नोकरीला लागून पंधराच दिवस झाले होते. वर्धेहून औषधांची यादी मंजूर करून घेऊन सायकलनं परत येत होतो. उन्हानं जीव गेला होता म्हणून धाम नदीवर उतरलो, तोंड धुवायला वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातून स्टोअरच्या कपाटाची चावी पाण्यात पडली. टुपुक असा आवाज आला. गुडघाभर पाण्यात दोन तास शोधलं. एका बाईनं कपडे धुता धुता विचारलं, “काय हरपलं, भाऊ?” मी म्हटलं, “नोकरी.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. आमचे डॉक्टर पुण्याकडचे. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटायची. ते म्हणाले, “कपाट तुमच्या ताब्यात होतं. दुपारपर्यंत उघडलं पाहिजे.” मी पहिल्या बसनं वर्धेला गेलो आणि बाजारात लिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या हुसेनभाई चावीवाल्याला हातापाया पडून घेऊन आलो.

मला वाटलं होतं, हा माणूस हातोडा काढेल, छिन्नी काढेल. त्यांनी खिशातून दोन काड्या काढल्या. एक चपटी, टोकाला वाकवलेली. दुसरी सायकलच्या स्पोकची, टोक घासून बारीक केलेली. बिडी ओठात धरून ते कपाटासमोर उकिडवे बसले. डोळे कुलपाकडे नव्हतेच. खिडकीबाहेरच्या बकरीकडे बघत होते. बिडी अर्धी जळायच्या आत कुलूप खटकन उघडलं.

मला काहीतरी झालं. देवाधर्मात मी कधी फार रमलो नाही, पण लोकांना मूर्तीसमोर जे होतं म्हणतात ते मला त्या कुलपासमोर झालं.

“हुसेनभाई, हे मले शिकवा.”

“क्यूँ? कंपाउंडरी छोड़के चोरी करना है?”

“शौक म्हणून.”

ते हसले. “शौक! पतंग उड़ाओ साहब.”

पण मी चिकट. दर रविवारी वर्धेला जाऊन त्यांच्या झाडाखाली बसू लागलो. चौथ्या रविवारी त्यांनी एक जुनं पितळी कुलूप कापून माझ्यापुढे ठेवलं, आत काय असतं ते दाखवायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगल्या कुलपाच्या पोटात एका रांगेत पाच-सहा बारीक खिळे असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक स्प्रिंग. स्प्रिंग खिळ्याला खाली दाबते, म्हणून आतली नळी फिरत नाही. चावीला जे दात असतात ते प्रत्येक खिळ्याला नेमकं हवं तेवढंच उचलतात. सगळे खिळे आपापल्या उंचीवर आले की नळी फिरते. चावी नसेल तर तेच काम काडीनं करायचं. एका हातानं नळीवर हलकासा पीळ द्यायचा, दुसऱ्या हातानं एकेक खिळा चाचपायचा. जो अडतो तो आधी उचलायचा. तो बसला की बोटाला बारीकशी टिचकी जाणवते. मग पुढचा. बघायचं काही नसतं, सगळं बोटांना कळावं लागतं. म्हणून हुसेनभाई बकरीकडे बघत होते.

समजायला पाच मिनिटं लागली. जमायला आठ महिने.

कापलेलं कुलूप हातात देताना त्यांनी दोन अटी घातल्या. “जो ताला अपना नहीं, उसको मालिक के बोले बगैर हाथ नहीं लगाना. और जो ताला काम में है, रोज लगता है, उसको भी हाथ नहीं लगाना. अपना हो तो भी नहीं. बिगड़ेगा तो उसी दिन बिगड़ेगा जिस दिन जरूरत है.”

पहिली अट मी जन्मभर पाळली. दुसरी मला म्हाताऱ्या माणसाची बडबड वाटली.

घरी छत्रीच्या काड्या, सुमनच्या अंबाड्याचे आकडे, लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचे तुकडे, सगळं घासघासून मी हत्यारं बनवली. छत्री पावसाळ्यात उघडली तेव्हा ती एका बाजूनं मेलेल्या कावळ्यासारखी लोंबली. सुमननं ती तशीच डोक्यावर धरून अख्ख्या गावातून नेली आणि विचारेल त्याला सांगितलं, “आमच्या घरी कारखाना टाकला आहे.” एकदा मी सरावासाठी घराच्याच दाराचं कुलूप घेतलं. बाहेरून लावलं आणि काडीनं उघडायला बसलो. चावी आत होती. सुमन आत होती. भाकरी तव्यावर होती. दीड तासानं तिनं खिडकीतून विचारलं, “मी इथंच म्हातारी होऊ का?” शेवटी तिनं खिडकीतून चावी बाहेर दिली.

हळूहळू मात्र जमू लागलं. हरवलेल्या चाव्यांचे लोक दवाखान्यात येऊ लागले. चिठ्ठीच्या खिडकीतून बाटलीऐवजी कुलूप आत यायचं. डॉक्टर एकदा म्हणाले, “केसपेपरवर काय लिहू? बद्धकोष्ठ?” मी हसलो, पण आतून छाती फुगली होती.

माझं नाव गावभर झालं ते एका लग्नात. देवळीहून वऱ्हाड आलं होतं. नवरीचा शालू आणि मंगळसूत्र एका पत्र्याच्या पेटीत. पेटी लग्नासाठी नवीन हिरवी रंगवलेली. मुहूर्ताला तास-सव्वातास उरला आणि पेटी उघडेना. नवरदेवाचे काका खिसे चाचपू लागले. चावी देवळीला, दुसऱ्या कोटात. कुणीतरी ओरडलं, “कंपाउंडरले बलवा!”

मी आलो तो हत्यारांची पिशवी घेऊनच. मांडवात सतरंजीवर पेटी ठेवली. भोवती दीडशे माणसं. मी बाह्या सारल्या, झाकणाच्या फटीत एकदा डोकावलो, काडी घातली आणि आठवणीनं नजर लांब लावली, हुसेनभाईंसारखी. बकरी नव्हती म्हणून वाजंत्रीवाल्याकडे बघत बसलो. वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. भटजी घड्याळाकडे बघू लागले. एकदाचं खटकन वाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी झाकण उचललं. उचलेना.

घाम पुसून मी झाकणाच्या फटीत डोळा लावला. आतून कुलपाची जीभ बाहेर आलेली दिसत होती. सुरुवातीला मी याच फटीत बघितलं होतं आणि तिथे काही नव्हतं. पेटीला कुलूप लागलेलंच नव्हतं. उन्हात ताजा रंग चिकटून झाकण बसलं होतं, एवढंच. दीडशे माणसांसमोर पाऊण तास खपून मी उघडी पेटी बंद केली होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. “दुहेरी कुलूप आहे,” असं गंभीरपणे म्हटलं, पुन्हा काडी घातली आणि आणखी दहा मिनिटांत जीभ मागे सारली. मग सुरीनं कडेचा रंग कापला. झाकण उघडलं. लग्न लागलं. काकांनी माझ्या गळ्यात हार घातला. तो मी घातला, निर्लज्जपणे, आणि जेवणाच्या पंगतीत दुहेरी कुलपांची माहितीही सांगितली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मून सिस्टर ड्रेसिंगचे बोळे करत होत्या. आमच्या दवाखान्याच्या नर्स. सेलूजवळच्या गावच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. घरात शिकलेल्या पहिल्याच, आणि एका शब्दाचं काम दोन शब्दांत न करणाऱ्या.

“कंपाउंडर, पेटी पहिलेच उघडी होती ना?”

मी खलात बत्ता फिरवू लागलो.

“हार चांगला होता,” त्या म्हणाल्या.

माणसाला असा हार मिळू नये. त्यानंतर मला वाटू लागलं की कुलूप आणि मी यांच्यात काही लपून राहत नाही. साध्या कुलपांचा कंटाळा आला. चांगलं, अवघड कुलूप हवं होतं. आणि गावात सगळ्यात चांगलं कुलूप होतं दवाखान्यात, सिरमच्या कपाटाला.

सिरम म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. छोट्या काचेच्या कुप्यांत पांढरी भुकटी. त्यात पाणी मिसळून शिरेतून द्यायची. आमच्याकडे तुरीची आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पार धुऱ्याबांधापर्यंत दाटी, त्यामुळे सापाचे पेशंट यायचे. कुप्या मोजक्या मिळायच्या, म्हणून त्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. कुलूप जाड, सहा खिळ्यांचं. चावी माझ्याकडे.

रोज दुपारी डॉक्टर जेवायला गेले की मी त्या कुलपाशी बसू लागलो. मालकाची परवानगी म्हणाल तर ताबा माझाच होता, अशी मी मनाची समजूत घातली. बारा-तेरा दिवस ते मला हुंगतसुद्धा नव्हतं. एका मंगळवारी पाच खिळे बसले. सहाव्याला जरा जोर लावला आणि काडीचं टोक आत मोडलं.

कुलूप उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. चावी घातली, जरा अडली, पण फिरली. उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. झालं तर, म्हटलं, तुकडा कुठेतरी बाजूला बसला असेल, रविवारी हुसेनभाईंना दाखवू. कुलूप लावून घरी गेलो आणि झोपलोही छान.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दवाखान्यासमोर बैलबंडी थांबली. बैलांच्या तोंडाला फेस होता. बंडीत गिरजाबाई. तीन कोसांवरच्या वाडीची, पस्तिशीची, मजुरीनं कापूस वेचायला जाणारी. पऱ्हाटीच्या बुडाशी पडलेलं बोंड उचलताना उजव्या हाताच्या करंगळीला चावलं होतं. नवऱ्यानं, रामाजीनं, साप मारून फडक्यात बांधून आणला होता. डॉक्टरांनी फडकं उघडून पाहिलं आणि लगेच म्हणाले, “घोणस. सिरम काढा.”

तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. मून सिस्टरांनी शीर शोधायला घेतली. मी चावी काढून कपाटाशी गेलो.

चावी निम्मी आत गेली आणि थांबली.

मला त्या क्षणी सगळं कळलं. तुकडा सरकून वाटेत आडवा बसला होता. मी चावी काढली, पुन्हा घातली. दाबली. निम्मीच.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“अडकली जराशी.”

जराशी! मी खिशातून काड्या काढल्या. आठ महिने शिकलो, लग्नात हार घेतला, ते याच्यासाठीच नाही का, असं काहीतरी डोक्यात आलं असावं. काडी आत घातली. तुकडा बाहेर ओढायचा होता. बोटांना काहीच कळेना. काडी कुलपावर नुसतीच टकटक वाजत होती. मागे गिरजाबाई कण्हत होती. दारात रामाजी उभा होता. तो माझ्या पाठीकडे बघत होता. मला ते पाठीत कळत होतं.

“किती वेळ?” डॉक्टर.

“झालंच.”

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. नंतर सिस्टर म्हणाल्या, चार-पाच मिनिटं. मला विचाराल तर मी अजून तिथेच उभा आहे.

“सरका बाजूले,” मून सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात माझ्याच खलाचा लोखंडी बत्ता होता. कुलपावर त्यांनी एकही घाव घातला नाही. ज्या कडीत कुलूप अडकवलं होतं ती कडी पत्र्याला चार बारीक स्क्रूंनी धरलेली होती. त्यांनी बत्ता कडीच्या मागे खुपसला आणि सगळं वजन टाकलं. कडी, स्क्रू, कुलूप सगळं एकदम निखळून खाली पडलं. एका हिसक्याचं काम. मी सहा खिळ्यांचा अभ्यास करत होतो. चार स्क्रू मला कधी दिसलेच नव्हते.

सिरम दिलं. डॉक्टरांनी ब्लॉकची जीप मागवून तिला वर्धेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ती वाचली. करंगळी मात्र काळी पडली आणि कापावी लागली. मी डॉक्टरांना नंतर कितीदा तरी विचारलं, “त्या चार मिनिटांनी फरक पडला का?” ते दर वेळी म्हणाले, “घोणशीचं विष बोटात शिरल्यावर बोट बहुधा जातंच.” बहुधा. त्या शब्दावर मी पुढे बरीच वर्षं काढली.

पण ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी सिस्टरांनी निखळलेलं कुलूप उपडं करून टेबलावर आपटलं. आतून छत्रीच्या काडीचा तुकडा पडला. त्यांनी तो माझ्या रजिस्टरवर ठेवला.

“मी नाई सांगत कोनाले,” त्या म्हणाल्या. “तुमीच सांगा.”

मला दोन दिवस लागले. पहिला दिवस तर मी ‘कुलूप जुनं होतं’ हे वाक्य मनात घोटण्यात घालवला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. “मी वर कळवणार,” म्हणाले आणि कळवलं. ठपका आला, नोंद झाली, बढती चार वर्षं लांबली. ते सगळं रास्तच होतं. मग ते म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग? बोट माझं नाही गेलं.”

गिरजाबाई वाडीला परत आल्यावर मी गेलो. ती ओट्यावर बसली होती. हाताला पट्टी. रामाजी बैलांना पाणी दाखवत होता. मला बघून तिनं खाट पुढे केली. वाटलं असेल, कंपाउंडर चौकशीला आला.

“बाई, त्या दिवशी कपाट उघडलं नाई, ते माह्यामुळं.”

“तुमच्यामुळं कसं?”

मी सांगितलं. काड्या, सराव, मोडलेलं टोक. सगळं.

“खेळून राह्यले होते तुमी?”

“हाव.”

“औषधाच्या कपाटाशी?”

“हाव.”

तिनं पट्टीकडे बघितलं. मग म्हणाली, “बोटाचं मी काई नाई म्हनत. बोट सापानं नेलं. पन हा माहा मालक तीन कोस बैल पळवत आला. त्याले वाटलं, दवाखाना आला, आता पोचलो. पोचल्यावरबी त्याले थांबा लागलं. काऊन थांबा लागलं, हे त्याले अजूनबी नाई समजत. जा आता तुमी.”

रामाजीनं बादली खाली ठेवली. तो माझ्याकडे आला नाही. मीही त्याच्याकडे गेलो नाही. तेवढं धाडस उरलं नव्हतं.

हत्यारांची पिशवी मी हुसेनभाईंना नेऊन दिली. घडलेलं ऐकून ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “वो बाई जिंदा है?” आणि पिशवी आपल्या पेटीखाली सरकवली. मला चहासुद्धा पाजला नाही.

नंतर बरीच वर्षं लोक कुलपं घेऊन यायचे. मी “डोळे कमजोर झाले” म्हणून सांगायचो. तिशी उलटायच्या आत डोळे कमजोर. सुमनला विचारलं तर ती म्हणायची, “अक्कल आली, पन डोळ्याच्या नावानं आली.”

एकोणीसशे ऐंशी सालाच्या पुढे दवाखान्यातली झाडलोट करणारी बाई म्हातारपणामुळे सोडून गेली. अर्ध्या दिवसाची जागा रिकामी झाली. मला कळलं होतं की गिरजाबाईचा हात पहिल्यासारखा चालत नाही. कापूस वेचायला बाकीच्या बायकांच्या निम्मी गती. मी डॉक्टरांना विचारलं, अर्ज लिहून घेतला आणि पुन्हा वाडीला गेलो. तिनं या वेळी खाट पुढे केली नाही. उभ्यानंच ऐकलं.

“माह्यावर उपकार करून राह्यले का?”

“नाई. जागा हाय. कोनीतरी पाह्यजे.”

“करीन मी,” ती म्हणाली. “पन त्या कपाटाची चावी माह्यापाशी राहीन.”

मी म्हटलं, नियमात बसत नाही, ताबा कंपाउंडरकडेच लागतो. ती म्हणाली, “मंग दुसरी पाहा.” मी परत येऊन डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं. ते हसले. “कागदावर चावी तुमच्याकडे. कमरेला तिच्या. माझी हरकत नाही.”

गिरजाबाईनं काळा दोरा कमरेला बांधला, त्यात चावी ओवली. तेव्हापासून मी तिथे होतो तोवर, गावातलं कुठलंही कुलूप उघडू शकणारा हा माणूस महिन्याच्या मोजणीला तिच्यापुढे जाऊन उभा राहायचा.

“बाई, चावी.”

“कायले पाह्यजे?”

“कुप्या मोजायच्या हायत.”

“चला, मी येतो.” आमच्याकडे बायकाही ‘येतो’ म्हणतात. ती येऊन स्वतः उघडायची, मी मोजेपर्यंत शेजारी उभी राहायची आणि स्वतः बंद करून कुलूप दोनदा ओढून बघायची. मून सिस्टर लांबून बघून बोळे करत राहायच्या. जुने डॉक्टर बदलून गेले, नवे तरुण डॉक्टर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “झाडूवालीकडे सिरमची चावी कशी?” मी म्हटलं, “साहेब, मोठी गोष्ट आहे. ती सांगितली तर तुम्ही मला खिडकीवरूनही काढाल.” त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, “राहू द्या.” राहिली.

नवे डॉक्टर आल्यावर पहिल्याच वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळची गर्दी ओसरली होती. मी बाटल्यांना पट्ट्या चिकटवत होतो. रस्त्यावर लांब कुठेतरी माणसं ओरडत होती. आमच्या रस्त्यावर भांडणं रोजचीच, मी लक्ष दिलं नाही. बंडी दवाखान्यासमोर थांबली, तेव्हा मला कळलं, साप आहे. मी उठलो, सवयीनं वळलो, म्हणायला तोंड उघडलं, “बाई, चाव—”

कपाट सताड उघडं होतं. टेबलावर ट्रे. त्यात सिरमच्या कुप्या, पाण्याच्या बाटल्या, उकळलेल्या पिचकाऱ्या, आणि कापसावर वेगळी ठेवलेली ती एक बारीक कुपी, रिअ‍ॅक्शन आली तर लागते ती. गिरजाबाईला अक्षर येत नव्हतं. कुठलं खोकं कुठल्या रंगाचं, कुठल्या फळीवर, एवढ्यावर तिनं सगळं काढलं होतं. आरडाओरडा कानावर पडला तेव्हाच तिनं झाडू टाकला होता.

पेशंट म्हणजे एक म्हातारा, पाय सुजलेला. दोघांनी उचलून आत आणला. त्याची सून मागून धावत आली आणि दारातच थबकली, आत यावं की बाहेर थांबावं कळेना तिला. गिरजाबाईनं तिचा हात धरला, चार बोटांच्या हातानं, आणि तिला आत ओढलं.

“ये माय, आत ये. औषध काढून ठेवलं हाय. थांबा नाई लागत इथं.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पाहून काय राह्यले? पानी मिळवा.”

मी पाणी मिसळलं. कुपी हलकेच फिरवून भुकटी विरघळवली, पिचकारी भरली, डॉक्टरांच्या हातात दिली. मग दुसरी. मग तिसरी. कंपाउंडरचं काम एवढंच असतं, आणि ते मला चांगलं येत होतं.